घरातला एक कॉम्प्युटर, चार माणसं आणि एकच लॉगइन



दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट सांगते. द्वितीय सत्राचे गुण एक्सेलमध्ये भरण्याचं काम मी घरीच करत होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, फाइल तशीच उघडी. तेवढ्यात आमचे चिरंजीव गेम खेळायला कॉम्प्युटरवर बसले. तो माझ्याच शाळेत, सहावीत. समोर त्याच्याच ओळखीच्या मुलांची नावं आणि पुढे आकडे. त्याने वाचले. कोणीही वाचले असते. दुसऱ्या दिवशी रिक्षात त्याने एका मुलीला सांगितलं, "तुला गणितात चौदाच आहेत."

निकालाला अजून आठ दिवस होते. ती मुलगी घरी जाऊन रडली, संध्याकाळी तिची आई मला भेटायला आली. माउली एक शब्द वावगा बोलली नाही, पण तिने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "मॅडम, निकाल तुमच्या घरी आधी लागतो का?"

पोराला रागावून काय उपयोग? आमच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. होता, तो मीच काढून टाकला होता. रोज कोणीतरी स्वयंपाकघरात येऊन "पासवर्ड काय गं?" विचारायचं, त्याचा कंटाळा आला होता. त्या प्रसंगानंतर मी चिडून चांगला लांबलचक पासवर्ड लावला. तिसऱ्या दिवशी मुलाला तो पाठ! माझी बोटं बघून शिकला होता. सासूबाईंना यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असलं की त्याच नातवाला हाक मारायच्या आणि तो ऐटीत कॉम्प्युटर उघडून द्यायचा.

तेव्हा लक्षात आलं की पासवर्ड साधा की अवघड हा प्रश्नच नव्हता. चार माणसं एकाच खात्यात राहत होती, हा प्रश्न होता. लॉगइनच्या सेटिंगबद्दल लिहायचं ते याच अंगाने लिहिते. आपल्या घरांत बहुधा विंडोज असतं, म्हणून उदाहरणं विंडोज १० आणि ११ची घेते.

पासवर्ड आला तो कशासाठी?

थोडा इतिहास, कारण तो आपल्या घराशी जुळतो. पासवर्ड म्हटलं की आपल्याला चोर, हॅकर वगैरे आठवतात. पण कॉम्प्युटरवरच्या पासवर्डची सुरुवात जिथे झाली असं मानतात, ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतली सीटीएसएस नावाची प्रणाली. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ती १९६१ मध्ये चालवून दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, अशी ती व्यवस्था. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला आपापला पासवर्ड दिला. म्हणजे मुळात तो एकत्र कुटुंबातल्या कपाटाच्या कप्प्यांसारखा होता: हा तुझा, हा माझा.

आणि गंमत बघा, १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाने पासवर्डची अख्खी यादी छापून घेतली. त्याला यंत्रावर आठवड्याला जेवढा वेळ मिळायचा तो पुरत नव्हता, दुसऱ्यांच्या नावावर बसून तो काम करणार होता. घरातल्याच माणसाने केलेली ही खोडी! आमचे चिरंजीव काही वेगळे नाहीत.

आधी खाती वेगळी करा

विंडोजमध्ये प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं करता येतं. त्याचा डेस्कटॉप वेगळा, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स वेगळे, ब्राउझरमधला इतिहास आणि साठवलेले पासवर्ड वेगळे. शिक्षकांनी तर हे शेवटचं नीट ध्यानात घ्यावं. शालार्थ, सरल, यू-डायस प्लस ही सगळी लॉगइन आपण ब्राउझरमध्ये "सेव्ह" करून ठेवतो. त्या खात्यात जो बसेल त्याला ती दारं आपोआप उघडतात. साठवलेला पासवर्ड उघडून बघायचा म्हटला तर क्रोम विंडोजचा पासवर्ड किंवा पिन मागतो खरा, पण तो पहारा आपल्या विंडोजच्या लॉगइनवरच उभा असतो. लॉगइनला कुलूप नसेल तर पहाऱ्याला अर्थ काय राहिला?

खातं करायला सेटिंग्जमध्ये जा, तिथे "अकाउंट्स". विंडोज ११ मध्ये आत "अदर युजर्स" दिसेल, विंडोज १० मध्ये "फॅमिली अँड अदर युजर्स". तिथे नवं खातं जोडायचं बटण आहे. ते दाबलं की समोरच्या माणसाचा ईमेल मागतात. सासूबाईंचा किंवा दहा वर्षांच्या मुलाचा ईमेल कुठून आणणार? घाबरू नका. खाली बारीक अक्षरात "या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती दाबा. पुढच्या पानावर पुन्हा तळाशी "मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडा" ही ओळ येते, तीही दाबा. मग फक्त नाव आणि हवा असेल तर पासवर्ड. या खात्याला स्थानिक खातं म्हणतात. ते त्या एका कॉम्प्युटरपुरतंच असतं, इंटरनेटवर त्याचं काही नसतं. सासूबाईंच्या खात्याला मी पासवर्ड ठेवलेलाच नाही. नावावर क्लिक केलं की उघडतं. त्यात कीर्तन, ज्ञानेश्वरीची पारायणं आणि नातवंडांचे फोटो आहेत, त्यांना कुलूप कशाला?

खात्यांचे दोन प्रकार असतात, "ॲडमिनिस्ट्रेटर" आणि "स्टँडर्ड". ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घरातला कर्ता. तो कोणतंही सॉफ्टवेअर टाकू शकतो, इतरांची खाती बदलू शकतो आणि दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक करून, समोर आलेल्या सूचनेला "कंटिन्यू" म्हणून आतही जाऊ शकतो. स्टँडर्डवाल्याला हे जमत नाही. त्याने गेमचं काहीतरी उतरवून चालवायला घेतलं आणि ते सगळ्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू पाहत असलं, की पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड किंवा पिन मागणारी चौकट येते. मग तो तुम्हाला हाक मारतो आणि "हे काय टाकतोयस?" हे विचारायची संधी मिळते. नवं खातं आपोआप स्टँडर्ड म्हणूनच तयार होतं, ते तसंच राहू द्या.

खरं तर आपलं रोजचं खातंही स्टँडर्ड असावं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, फक्त गरजेपुरतं असावं. मी तसं केलंय. मात्र क्रम चुकवू नका. आधी नवं ॲडमिनिस्ट्रेटर खातं करा, त्यात एकदा प्रत्यक्ष लॉगइन करून बघा, मगच तिथून आपलं जुनं खातं स्टँडर्ड करा.

आणखी एक इशारा. जुनं खातं काढून टाकायला जाल तर विंडोज विचारतं, "खातं आणि डेटा दोन्ही काढू का?" ते गंमत म्हणून विचारलेलं नसतं. त्या माणसाचे डेस्कटॉपवरचे, डॉक्युमेंट्समधले, फोटोंमधले सगळे कागद जातात. आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

डी ड्राइव्हचा घोळ

खाती वेगळी केली, पासवर्ड लावला, आता सगळं सुरक्षित असं समजून मी निवांत झाले होते. मग एक दिवस मुलाच्या खात्यातून डी ड्राइव्ह उघडला तर माझा "शाळा" फोल्डर हजर!

आपल्याकडे जुनी सवय आहे. कॉम्प्युटर बिघडला, फॉरमॅट मारला तर सी ड्राइव्ह जातो, म्हणून महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवायचं. सवय वाईट नाही. पण विंडोज जी खोली प्रत्येकाला बांधून देतं, ती सी ड्राइव्हमधल्या "युजर्स" फोल्डरमध्ये असते. तिथलं ज्याचं त्याला दिसतं. डी ड्राइव्ह म्हणजे ओसरी. तिथे ठेवलेलं साधारणपणे सगळ्या खात्यांना दिसतं, बदलता येतं आणि पुसताही येतं. म्हणून मुलांचे गुण, आधार क्रमांक असलेल्या याद्या, बँकेची कागदपत्रं आपल्या खात्यातल्या "डॉक्युमेंट्स"मध्येच ठेवा आणि प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो कपाटात टाका. लग्नाचे फोटो, गाणी, सहलीचे व्हिडिओ डी वर खुशाल असू द्या. ते सगळ्यांचेच आहेत.

पिन की पासवर्ड?

"चार आकडी पिन पासवर्डपेक्षा चांगला कसा असेल?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये हमखास विचारतात. ऐकताना उलटंच वाटतं. पण असं बघा. तुमचा मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड कोणाला कळला तर तो माणूस जगात कुठेही बसून तुमची मेल आणि वनड्राइव्हवरच्या फाइली उघडायचा प्रयत्न करू शकतो. पिन मात्र त्या एका यंत्रापुरताच असतो. पिन कळला तरी तुमच्या घरात येऊन तुमच्याच लॅपटॉपसमोर बसावं लागेल. शिवाय सारखा चुकीचा पिन मारत बसलं की विंडोज थांबवतं, "ए१बी२सी३" ही इंग्रजी अक्षरं टाइप करायला लावतं, मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगतं. मुलांनी अंदाजाने आकडे ठोकत बसण्याला त्याने आळा बसतो.

पण घरातला चोर म्हणजे आपलीच पोरं, आणि ती जन्मसाल, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख सगळं जाणतात. पिन सहा आकडी ठेवा आणि यातलं काही वापरू नका. "साइन-इन ऑप्शन्स"मध्ये पिन ठरवताना "अक्षरं आणि चिन्हंही चालतील" अशी एक चौकट असते, ती टिकवली तर पिनमध्ये अक्षरंही घालता येतात. लॅपटॉपला बोटाचा ठसा घेणारं बटण असेल तर फारच उत्तम, बोटं बघून पाठ करायला काही उरत नाही. त्यासाठी आधी पिन ठरवावाच लागतो, कारण ठसा ओळखला गेला नाही तर पिन कामाला येतो. भांडी घासून लगेच बोट लावलं की माझा ठसा हमखास नाकारला जातो!

आता खास आपल्या भाषेची अडचण. मराठी टाइप करायला आपण मराठी कीबोर्ड जोडलेला असतो. कधीतरी तो मराठीवरच राहतो आणि लॉगइनच्या वेळी बरोबर पासवर्ड टाकूनही "चुकीचा पासवर्ड" येतो. आमच्या एक मॅडम अशाच अर्धा दिवस अडकल्या आणि शेवटी फॉरमॅट करायला निघाल्या होत्या. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं छोटं चिन्ह असतं, ते दाबून धरलं की आपण नक्की काय टाइप केलं ते दिसतं. लॉगइनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिथून इंग्रजी निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबूनही भाषा बदलते. कॅप्स लॉक तर आपण बघतोच.

कुलूप लावायचं विसरतं, त्याचं काय?

माझ्या त्या एप्रिलच्या संध्याकाळी मला वाचवू शकलं असतं ते खरं म्हणजे दोन बटणं: विंडोज आणि एल. एकत्र दाबली की पडदा कुलूपबंद. फाइल बंद होत नाही, काम जिथे होतं तिथेच राहतं. गॅसकडे जाताना, दार उघडायला जाताना, वर्गातून बाहेर पडताना ही सवय लावून घ्या. मला लागायला महिना गेला.

तरी विसरतंच. म्हणून "साइन-इन ऑप्शन्स"मध्येच खाली एक प्रश्न असतो: तुम्ही उठून गेलात तर पुन्हा लॉगइन कधी मागायचं? तिथे "नेव्हर" असेल तर बदला. कुठे "झोपेतून जागा झाल्यावर" असा पर्याय दिसतो, कुठे मिनिटं दिसतात, ते यंत्रावर अवलंबून आहे. मग पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटर किती वेळाने झोपतो ते बघा. झोपायला अर्धा तास लागत असेल तर या कुलपाचा उपयोग अर्ध्या तासाने सुरू होणार. आमच्याकडे पाच मिनिटं आहेत.

उलट बाजूचे लोकही असतात. "आम्ही दोघंच म्हातारे घरात, आम्हाला नको तो पासवर्ड" असं एका निवृत्त सरांनी मला सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. एकाच ठिकाणी असलेला डेस्कटॉप, घरात लहान मुलं नाहीत, बँकेचं काम त्यावर होत नाही, तर कॉम्प्युटर थेट उघडू द्यायला काय हरकत? त्याची सोय अशी: विंडोज आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड ही अक्षरं सलग इंग्रजीत टाइप करा आणि एंटर. समोरच्या खिडकीत वरच एक टिकमार्क असतो, "कॉम्प्युटर वापरण्यासाठी नाव आणि पासवर्ड द्यावा लागेल" या अर्थाचा. तो काढला की पासवर्ड एकदाच विचारतात, पुढे नाही. टिकमार्कच दिसत नसेल तर "साइन-इन ऑप्शन्स"मध्ये "फक्त विंडोज हॅलोनेच साइन-इन" अशा अर्थाचं जे बटण चालू असतं ते आधी बंद करावं लागतं. लॅपटॉपवर मात्र हे करू नका. तो एसटीत, रेल्वेत, शाळेत फिरतो. आणि ज्या घरात शालार्थ किंवा बँक उघडली जाते तिथेही करू नका.

किल्ली नक्की कोणाकडे आहे?

इथपर्यंत घरातल्यांपासून झाकण्याबद्दल बोललो. आता याच्या उलट काळजी, आणि ती मला जास्त मोठी वाटते. आमच्या ओळखीतल्या एका घरात कर्ता माणूस अचानक गेला. विम्याचे कागद, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, हप्त्यांच्या नोंदी, सगळं त्यांच्या लॅपटॉपमध्ये. पासवर्ड त्यांनाच ठाऊक. तेराव्यानंतर वहिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या आणि मला काही करता आलं नाही.

स्थानिक खातं करताना पासवर्ड दिला की विंडोज तीन सुरक्षा प्रश्न विचारतं. पहिल्या शाळेचं नाव वगैरे. पासवर्ड विसरला तर लॉगइनच्या पडद्यावरच त्यांची उत्तरं देऊन नवा ठेवता येतो. म्हणून उत्तरं "कखग" अशी घाईत ठोकू नका. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पासवर्ड मोबाइलवरून बदलता येतो, पण त्यासाठी जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. जुनं सिम बंद केलं असेल तर आजच नवा नंबर जोडा.

आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एक गोष्ट आपल्या नकळत घडलेली असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगइन केलं की आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला, चोराने डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी त्याला काही वाचता येत नाही, हा फायदा. पण मदरबोर्ड बदलला किंवा आतल्या काही सेटिंग बदलल्या की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आता आठवून बघा, तुमचा लॅपटॉप पहिल्यांदा कोणी चालू करून दिला? दुकानातल्या पोराने? त्याने पटकन काम व्हावं म्हणून स्वतःचाच ईमेल टाकला असेल तर तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात आहे. सेटिंग्जमध्ये "अकाउंट्स"च्या "युअर इन्फो"मध्ये कोणाचा ईमेल दिसतो ते बघा. परका असेल तर आपलं खातं जोडून घ्या. मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन "डिव्हायसेस"मध्ये आपल्या लॅपटॉपसमोर रिकव्हरी की आहे का ते तपासा आणि कागदावर उतरवा. आठ गट, प्रत्येकी सहा आकडे. उतरवताना घरातल्या दुसऱ्याला वाचायला सांगा, एकट्याने हमखास चुकतं.

आमच्याकडे आता देवघराच्या खालच्या खणात, दागिन्यांच्या पावत्यांबरोबर एक बंद पाकीट आहे. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड, ती ४८ आकडी की आणि माझ्या ईमेलला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते लिहिलंय. यांना ते कुठे आहे माहीत आहे, मुलाला नाही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी यांना पाकीट उघडून फक्त त्या कागदावरून लॉगइन करून बघायला सांगितलं. नाही झालं! मी "ओ" अक्षर काढलं होतं, यांनी शून्य वाचलं. आता शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारलेली आहे.